एकच फोम, कडेला कडक आणि आत मऊ: बदलत्या घनतेचा फोम पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

ज्वारी काढून झाली, कणसं खळ्यावर गेली की कडब्यातली जाडजूड धाटं निवडून आम्ही पोरं सोलायला बसायचो. कडक साल एकीकडं, आतलं पांढरं भेंड दुसरीकडं. भेंडाच्या तुकड्यांत सालीच्या काड्या खुपसल्या की चाकांसकट बैलगाडी तयार. पुढं संभाजीनगरजवळच्या वाळूजला फोमच्या कामाला लागलो तेव्हा ते धाट पुन्हा आठवलं. धाट आडवं कापा आणि कडेपासून मध्यापर्यंत नख दाबत न्या. कडेला नख रुतत नाही, जरा आत रुतायला लागतं, मध्यात थेट घुसतं. कडक कुठं संपलं आणि मऊ कुठं सुरू झालं हे मात्र बोट ठेवून सांगता येत नाही. मध्ये जोड नाही, काही चिकटवलेलंही नाही.

पॉलिमरचा असा फोम कसा बनवायचा ते या लेखात सांगतो. उदाहरण पॉलियुरेथेनचं, म्हणजे पीयूचं घेतलंय. मोठ्या मशिनशिवाय, पत्र्याच्या शेडमध्ये, हातानं शिकता येतो तो हाच. आजवर फोम फक्त गादीत पाहिला असेल तरी चालेल, पण वजनकाटा नीट वापरता आला पाहिजे.

आधी कशासाठी ते बघू

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांची कितीतरी छोटी शेडं उभी राहिली. सीट हा त्यातलाच एक भाग. दुचाकीची असो की ट्रॅक्टरची, सीट बसताना मऊ लागली पाहिजे आणि खड्ड्यात गेल्यावर तळाला टेकता कामा नये. म्हणजे वर मऊ, खाली कडक. गॅरेजवाले यावर सोपा उपाय करतात. दोन वेगवेगळे फोम सोल्युशननं चिकटवायचे आणि वर रेक्झिन ओढायचं. नवी असताना सीट छान दिसते. मग ती मे महिन्यात बेचाळीस अंशांत दिवसभर उन्हात उभी राहते, सोल्युशन सैल पडतं, थर एकमेकांवर सरकतात आणि रेक्झिनला सुरकुत्या येतात. बदल जर सावकाश, एकाच मटेरियलच्या आत झालेला असेल तर सुटायला जोडच उरत नाही.

घनतेबद्दल थोडं. बाजारात ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतात त्याचा अर्थ एका घनमीटरला चाळीस किलो. पुष्कळ दुकानदार डेन्सिटी आणि कडकपणा एकच समजतात, ते तसं नाही. पण एकाच पॉलिमरचा, उघड्या पेशींचा (आतले बारीक कप्पे एकमेकांत उघडणारा) फोम असेल तर गिब्सन आणि अ‍ॅशबी या संशोधकांनी मांडलेला ढोबळ नियम उपयोगी पडतो: ताठपणा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घनता दुप्पट झाली तर ताठपणा साधारण चौपट. म्हणून घनतेत थोडा फरक केला तरी हाताला तो मोठा लागतो. या नियमात एक गोम आहे, ती पुढं येईल.

फोम फुगतो कसा

पीयूचे दोन भाग असतात: पॉलिओल आणि आयसोसायनेट. शेडमध्ये दुसऱ्याला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही, तो नुसता ‘आयसो’. दोघं एकत्र आले की एकाच वेळी दोन कामं सुरू होतात. आयसो पॉलिओलशी जोडला जातो आणि मिश्रण घट्ट होत जातं. तोच आयसो पॉलिओलमध्ये मिसळलेल्या पाण्याशीही भिडतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. एक काम घट्ट करणारं, दुसरं फुगवणारं. दोघांची शर्यत कुठं संपते त्यावर त्या जागची घनता ठरते.

त्यामुळं एकाच तुकड्यात घनता बदलायची तर वेगवेगळ्या जागी ही शर्यत वेगवेगळी संपवायची. त्यासाठी हाताशी चार गोष्टी आहेत: गॅस किती, उष्णता किती, दाब किती आणि वेळ किती. नवे लोक फक्त पहिलीकडं बघतात, फॉर्म्युल्यात पाणी कमीजास्त करत बसतात आणि बाकी तिन्हींकडून मार खातात.

श्वासाचं आणि डोळ्यांचं

हा भाग वगळून पुढं जाऊ नका. आयसोची वाफ किंवा बारीक तुषार छातीत गेले तर दमा जडू शकतो. एकदा शरीरानं आयसोचा धसका घेतला की मग अगदी थोड्या वासानंही छाती भरते, आणि त्या माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं. आयसोचे दोन मुख्य प्रकार आहेत, टीडीआय आणि एमडीआय. टीडीआय लवकर उडतो. शिकताना त्याच्या वाटेला जाऊच नका, एमडीआयवर चालणारंच मटेरियल घ्या. एमडीआय कमी उडतो याचा अर्थ निर्धोक आहे असा नाही. तो गरम केला किंवा फवारला तर तितकाच वाईट.

हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर बंद गॉगल, तोंडावर सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज मास्क. कापडी रुमालानं आयसोची वाफ थांबत नाही. शेडची दोन्ही दारं उघडी ठेवा आणि वारा तुमच्या पाठीमागून पुढं जाईल असे उभे राहा. आयसो सांडला तर कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून भरून घ्या, मग धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घातलेल्या पाण्यानं जागा पुसा. भरलेला भुसा डब्यात टाकून झाकण घट्ट लावू नका. आत गॅस तयार होत राहतो आणि डबा फुगतो.

सामान

सराफी वजनकाटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. किराणा काट्यावर हे काम होत नाही. ड्रिल मशिनला लावायचा पंखा, प्लॅस्टिकचे पेले, लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर, आणि वेळ मोजायला मोबाइल. शिकण्यापुरता मोल्ड म्हणून आत पॉलिथिन लावलेली लाकडी पेटी चालते, १५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच.

केमिकल सुटं सुटं आणून स्वतः फॉर्म्युला जुळवायच्या फंदात पडू नका. पॉलिओलमध्ये सिलिकॉन (पेशी सांभाळणारं) आणि कॅटलिस्ट (रसायनाचा वेग वाढवणारं) आधीच मिसळून देणारे पुरवठादार असतात, त्यांना या धंद्यात सिस्टिम हाउस म्हणतात. त्यांच्याकडून मऊ फोमची, हातानं ढवळता येईल अशी सावकाश चालणारी सिस्टिम मागा, आणि सोबत माहितीपत्रक मागायला विसरू नका. त्यातले तीन आकडे लागतात: पॉलिओलचा हायड्रॉक्सिल नंबर (त्यात आयसोशी जोडले जाणारे गट किती ते सांगणारा), आयसोतली एनसीओ टक्केवारी (आयसोतला जोडणारा गट वजनानं किती) आणि पॉलिओलमध्ये आधीच किती पाणी घातलंय ते.

जादा पाणी घालायचं ते बॅटरीचं डिस्टिल्ड. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते घरच्या गिझरला विचारा.

पायरी १: पेल्यातली चाचणी

एका पेल्यात ५० ग्रॅम पॉलिओल घ्या, पत्रकात सांगितलेला आयसो घाला, त्याच क्षणी घड्याळ सुरू करा आणि ड्रिलनं सात सेकंद ढवळा. आता हात लावू नका, फक्त बघा.

आधी तपकिरी पातळ द्रव एकदम दुधाळ होतो आणि हलायला लागतो. हा क्रीम टाइम. मग तो पेल्याच्या काठावर येतो, टोपी फुगते. काडी टोचून वर ओढली की मधासारखी तार येते तो जेल टाइम. फुगणं थांबतं तो राइज टाइम. शेवटी वर बोट ठेवलं तर चिकटत नाही, तो टॅक-फ्री टाइम. चारही आकडे वहीत, तारखेसह, आणि बाजूला त्या वेळचं केमिकलचं तापमान. हातानं काम करायचं तर क्रीम टाइम किमान पंधरा सेकंदांचा हवा, नाहीतर ढवळून ओतेपर्यंत माल पेल्यातच फुगतो.

तापमान का लिहायचं ते मी महागात शिकलो. ऐन मे महिन्यात आयसोचा ड्रम पश्चिमेच्या पत्र्याला टेकून ठेवला होता. हिवाळ्यातल्या अंदाजानं बादलीभर माल ढवळला. बादली उचलून मोल्डपर्यंत चार पावलं टाकायची होती. दुसऱ्या पावलाला फोम बादलीतून वर आला, तिसऱ्याला माझ्या कोपरापर्यंत. ती बादली अजून शेडमध्ये आहे, आत घट्ट बसलेल्या फोमसकट. नवी पोरं आली की तीच आधी दाखवतो.

केमिकल २३ ते २५ अंशांवर ठेवा, बारा महिने. उन्हाळ्यात झाकणबंद डबे पाण्याच्या टबात ठेवा आणि उघडण्याआधी बाहेरून खडखडीत पुसा. कूलर लावलात तर त्याचं तोंड डब्याकडं नको. कूलरची हवा दमट, आणि उघडा आयसो हवेतलं पाणी ओढतो. श्रावणातही हीच काळजी. डिसेंबरात पहाटे पारा दहा-बाराला उतरतो तेव्हा उलटा त्रास. माल जड होतो, नीट मिसळत नाही, फोम वर येतो आणि खाली बसतो.

पायरी २: हिशेब

हा एकदा हातानं करा, मग कायमचा लक्षात राहतो.

पॉलिओलचा हायड्रॉक्सिल नंबर २८ असेल तर १०० ग्रॅम पॉलिओलला १०० × २८ ÷ ५६१०० = ०.०५ भाग आयसो लागतो. हे भाग ग्रॅममधले नाहीत, रासायनिक हिशेबाचे आहेत. पाण्याचा असा एक भाग म्हणजे ९ ग्रॅम, त्यामुळं ३ ग्रॅम पाण्याला ०.३३ भाग. एकूण ०.३८. आता आयसोचा एक भाग किती ग्रॅमचा? ४२०० ला एनसीओ टक्केवारीनं भागा. टक्केवारी ३१.५ असेल तर उत्तर १३३. म्हणजे ०.३८ × १३३, साधारण ५१ ग्रॅम आयसो.

यात लक्षात घ्या की ५१ पैकी जवळपास ४४ ग्रॅम आयसो एकट्या पाण्यानं खाल्ला. घरात पाहुणा एक आणि स्वयंपाक सगळा त्याच्यासाठीच, तसं. यावरून शेडमध्ये तोंडी चालणारा हिशेब निघतो: पाणी १ ग्रॅमनं वाढवलं की आयसो साधारण १५ ग्रॅमनं वाढवायचा. नुसतं पाणी वाढवून आयसो तेवढाच ठेवला तर फोम ओलसर, चिकट आणि दुबळा निघतो. नव्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक ही.

आता घनता. १ ग्रॅम पाण्यातून २.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, २५ अंशांना तो १.३६ लिटर जागा घेतो. या हिशेबानं १०० ग्रॅम पॉलिओलमागं १.२ ग्रॅम पाणी घातलं तर कागदावर घनता सुमारे ७० येते, १.८ ला ५०, २.४ ला ४० आणि ३ ला ३५. लागणारा आयसो अनुक्रमे २४, ३३, ४२ आणि ५१ ग्रॅम. प्रत्यक्षात थोडा गॅस निसटतो आणि उरलेला उष्णतेनं जास्त फुगतो, त्यामुळं आकडे मागंपुढं होतात. उतार मात्र असाच राहतो. १.२ वरून १.८ वर जाताना वीस किलो उतरले, २.४ वरून ३ वर जाताना जेमतेम पाच. जास्त पाण्याच्या बाजूला कितीही ओता, फरक मिळत नाही.

आता वर म्हटलेली गोम. पाणी आणि आयसोच्या भांडणातून गॅसबरोबर युरियाही तयार होतो आणि तो पेशींच्या भिंतींना कडक करतो. म्हणजे पाणी वाढवून घनता उतरवली तरी भिंती जास्त कडक झाल्यानं मऊपणा अपेक्षेइतका मिळत नाही. चौपटीचा नियम भिंती एकाच मालाच्या धरतो, इथं त्या बदलतात. यावर उतारा म्हणजे हलक्या थराला आयसो हिशेबापेक्षा थोडा कमी द्यायचा, शंभराऐवजी नव्वद टक्के. कडक थराला शंभर ते एकशे पाच. या टक्केवारीला इंडेक्स म्हणतात. नव्वदच्या फार खाली उतरलात तर फोम दाबल्यावर परत उठायला कंटाळतो.

पायरी ३: थरावर थर, ओल्यावर ओलं

पहिला खरा तुकडा या पद्धतीनं करा. चार पेले मांडा, चारही पेल्यांत तोच पॉलिओल, पाणी मात्र १०० ग्रॅम पॉलिओलमागं १.२, १.८, २.४ आणि ३ ग्रॅम. (सिस्टिममध्ये आधीचं पाणी असेल तर ते यातून वजा करा. ते १.२ पेक्षा जास्त असेल तर तिथूनच सुरुवात करा.) पाणी पॉलिओलमध्ये नीट ढवळून दहा मिनिटं ठेवा. आयसो वेगळ्या चार पेल्यांत मोजून ठेवा. मोजणं एकदा सुरू झालं की मध्ये फोन घ्यायचा नाही.

पेटीत तळाशी आधी कडक थर, कमी पाण्याचा. ढवळा, ओता, फुगू द्या. दुसरा थर कधी ओतायचा यावर सगळा खेळ आहे. फुगणं थांबलंय पण वरचा भाग अजून बोटाला चिकटतोय, ती वेळ. पेल्यातल्या चाचणीत राइज टाइम आणि टॅक-फ्री टाइम लिहून घ्यायला लावले ते यासाठीच. दोन्हींच्या मधली खिडकी तुमची. दुसऱ्या पेल्याचं ढवळणं त्याआधीच उरकलेलं हवं.

लवकर ओतलंत तर फुगत्या फोमवर द्रवाचं वजन पडतं आणि तो बसतो. उशीर केलात तर वर आलेल्या पातळ सालीवर नवा थर बसतो आणि दोन्ही हातांनी ओढला की पापडासारखा सुटतो. बरोबर वेळ साधली तरी द्रव थोडा खालच्या उघड्या पेशींत मुरतो आणि तिथं एक घट्ट रेघ उमटते. दोन थरांत ती नीट दिसते. चार थर केले की प्रत्येक उडी लहान असल्यानं रेघा पुसट होतात. धाटासारखा उतार आणायचा तर थर वाढवायचे आणि पाण्यातला फरक कमी करायचा, हाच मार्ग. ओतताना पेला एका जागी धरू नका, गोल फिरवत सांडा, पोळ्यावर तूप सोडतो तसं. एका जागी धार धरली तर तिथं खड्डा पडतो.

सीटच्या खऱ्या मोल्डमध्ये एक अडचण येते. तिथं बसायची बाजू खाली असते, म्हणजे मऊ थर आधी ओतावा लागतो आणि त्या नाजूक थरावर जड माल. म्हणून शिकताना पेटीत कडक थर खाली घेऊन सवय करा, मग मोल्डमध्ये उलटं करा. मऊ थराला तिथं थोडा जास्त वेळ लागेल.

तयार ठोकळा रात्रभर उघड्यावर ठेवा. आत बराच वेळ उष्णता धरलेली असते. छोट्या पेटीत त्याचं काही वाटत नाही, पण जास्त पाण्याचे मोठे ठोकळे गरम असतानाच एकावर एक रचले तर आतून करपतात, आणि फोमच्या गोदामांना आगीही अशाच लागतात.

पायरी ४: मोल्डच्या भिंतीकडून काम करून घेणं

इथं एकदाच ओतायचं. घनतेचा फरक फॉर्म्युल्यातून येत नाही, उष्णता आणि दाबातून येतो. गाडीचं स्टिअरिंग किंवा खुर्चीचा हात दाबून बघा: वर गुळगुळीत भरीव कातडी, आत फोम, दोन्ही एकाच शॉटमधून आलेले. याला इंटिग्रल स्किन म्हणतात.

युक्ती अशी. पाण्याऐवजी लवकर उकळणारा द्रव फुगवायला वापरायचा. मध्यभागी रसायनाची उष्णता असते, तिथं तो उकळून बुडबुडे करतो. भिंतीजवळ अ‍ॅल्युमिनियम उष्णता ओढून घेतं आणि बंद मोल्डमध्ये दाबही असतो, त्यामुळं तिथं तो उकळतच नाही किंवा उकळलेला पुन्हा द्रव होतो. बुडबुडे नाहीत म्हणजे भरीव कातडी. कार्बन डायऑक्साइड असा भिंतीवर द्रव होत नाही, म्हणून नुसत्या पाण्यावर फुगवलेल्या मालाला जाड कातडी येत नाही. नवे लोक यावर महिनोन् महिने डोकं फोडतात.

पूर्वी या कामाला सीएफसी-११ वापरत, तो २४ अंशांच्या आसपास उकळतो. ओझोनचा थर विरळ होऊ लागला, १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि तो गेला. त्याच्या जागी आलेला एचसीएफसी-१४१बी भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. आज पेंटेन, मिथाइल फॉर्मेट असे पर्याय आहेत. पेंटेन पेट्रोलसारखा पेट घेतो, ठिणगी न उडणारी वायरिंग नसलेल्या शेडमध्ये तो आणू नका. मिथाइल फॉर्मेटही ज्वालाग्राहीच, पण पॉलिओलमध्ये आधीच मिसळून दिलेल्या सिस्टिमचा धोका कमी असतो. शिकणाऱ्यानं तशीच घ्यावी.

मोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा, ३० ते ४५ अंशांवर. आतून मेणाचा रिलीज एजंट (माल चिकटू न देणारा लेप) पातळ पुसा, थापला तर कातडीवर डाग येतात. मग जादा भरा. मोकळ्यात १५० घनतेपर्यंत फुगणारा माल मोल्डमध्ये ४५० येईल एवढा ओतायचा, म्हणजे दाब तयार होतो. एक लिटरचा मोल्ड असेल तर ४५० ग्रॅम. हवा निघायला सगळ्यात उंच जागी बारीक व्हेंट हवेत, आणि मोल्ड थोडा तिरपा ठेवला तर हवा तिकडंच पळते.

झाकणाच्या क्लॅम्पकडं दुर्लक्ष करू नका. ३० × ३० सेंटिमीटरच्या झाकणावर आत फक्त एक बार दाब आला तरी ते सुमारे ९०० किलोच्या जोरानं उघडायला बघतं. एका शेडमध्ये सुताराच्या शिकंज्यानं बांधलेलं झाकण उडून छताच्या पत्र्याला पोचा आलेला मी पाहिलाय. माणसं बाजूला होती म्हणून निभावलं.

एकाच बाजूला कडक हवं असेल तर दोन भिंती वेगळ्या तापमानाच्या ठेवा. एका बाजूच्या प्लेटला गार पाण्याची नळी, समोरच्या प्लेटला ६० अंशांचा हीटर. गार बाजूला कातडी जाड, गरम बाजूला पातळ. गार म्हणजे बर्फ नव्हे. फार गार भिंतीशी रसायन अर्धवट राहतं आणि कातडी भुसभुशीत होऊन बोटाला पावडर लागते.

दुसऱ्या वाटा, थोडक्यात

थ्रीडी प्रिंटर असेल तर केमिकलला हात न लावताही हे जमतं. फुगणारे टीपीयू फिलामेंट (रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकची तार) मिळतात, कलरफॅब कंपनीचं व्हेरिओशोर हे त्यातलं एक. नोझलचं तापमान वाढवलं की फिलामेंट नोझलमध्येच फुगतं, त्यामुळं एकाच रिळातून कमी तापमानाला भरीव आणि जास्त तापमानाला हलका थर निघतो. आधी १९० पासून दहा-दहा अंशांनी चढत एकेरी भिंतीचे छोटे चौकोन छापा, भिंतीची जाडी मोजा आणि जाडी जेवढी वाढली तेवढा फ्लो कमी करा. उंचीप्रमाणं घनता बदलणं सोपं आहे. एकाच थरात बदलणं कटकटीचं, कारण नोझल तापायला-निवायला वेळ घेतं आणि तेवढ्यात धागे लोंबायला लागतात. बुटाच्या आतल्या तळव्यासाठी ही वाट उत्तम. ट्रॅक्टरच्या सीटसाठी वेळेचा अपव्यय.

प्रयोगशाळेत आणखी गमती चालतात. स्कॉटलंडच्या हेरियट-वॉट विद्यापीठात पीयू फुगत असताना त्यावर कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून जागोजागी पेशींचा आकार बदलण्याचे प्रयोग झाले. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८० च्या दशकात दाबाखाली प्लॅस्टिकमध्ये गॅस मुरवून अतिसूक्ष्म पेशींचा फोम काढायची पद्धत निघाली. त्यात गॅस पूर्ण मुरू न देताच थांबलं तर कडेला आणि आत वेगळी घनता मिळते. शेडमध्ये हे दोन्ही जमण्यासारखे नाहीत, पण वाचून ठेवायला हरकत नाही.

पायरी ५: कापा आणि मोजा

बाहेरून दाबून ‘झकास झालाय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. चोवीस तास झाले की ठोकळा मधोमध उभा कापा, मग एका अर्ध्यातून ५० × ५० मिलिमीटरचा खांब काढा आणि त्याच्या १० मिलिमीटरच्या चकत्या करा. नव्या पात्याचा लांब कटर किंवा पाव कापायची सुरी वापरा. थर्माकोलवाल्यांची गरम तार पीयूला लावू नका, जळत्या पीयूच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो.

प्रत्येक चकतीवर तळापासूनचा क्रमांक टाका आणि वजन करा. अशा चकतीचं आकारमान २५ घनसेंटिमीटर. वजन १.७५ ग्रॅम भरलं तर घनता ७०, १.२५ भरलं तर ५०, १ ग्रॅम भरलं तर ४०. म्हणजे ग्रॅमला ४० नं गुणलं की झालं. चकतीची जाडी एका मिलिमीटरनं चुकली तर उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं, म्हणून जाडी व्हर्नियरनं चार कोपऱ्यांत बघा, फोम न दाबता. मग आलेखाच्या कागदावर आडवी उंची, उभी घनता मांडा.

आलेख बोलतो. पायऱ्या दिसल्या तर थर कमी पडले. थरांच्या सांध्यावर टोक वर आलं तर तिथं द्रव मुरला, पुढच्या वेळी पाच-दहा सेकंद उशिरा ओता. सगळ्यात खालची चकती अपेक्षेपेक्षा खूप जड निघाली तर पेटीच्या गार तळानं उष्णता खाल्ली. पेटी आधी ४० अंशांपर्यंत तापवा. घनता बरोबर आली पण ठोकळा दुसऱ्या दिवशी आकसला, तर पेशी बंद राहिल्यात. मोल्डमधून काढल्या काढल्या फोम हातानं किंवा रोलरनं दाबून पेशी फोडायच्या असतात, तेव्हा फट्फट् असा आवाज येतो. मोठ्या भोकांचे खिसे दिसले तर ढवळताना हवा गेलीय, पंखा पूर्ण बुडवूनच ड्रिल सुरू करा.

गिऱ्हाइकाला कागद दाखवायचा असेल तर घरचा आलेख चालत नाही. मऊ पीयू फोमच्या चाचण्या आयएस ७८८८ प्रमाणं होतात, आणि संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत सिपेट या केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक संस्थेचं केंद्र आहे, तिथं प्लॅस्टिकच्या चाचण्यांची चौकशी करा. घनतेबरोबर २५ आणि ६५ टक्के दाबाला लागणारा जोरही मोजून घ्या. ६५ च्या आकड्याला २५ च्या आकड्यानं भागलं की येतो तो सपोर्ट फॅक्टर. उतरत्या घनतेच्या सीटचा हा आकडा, तेवढ्याच वजनाच्या एकसारख्या फोमपेक्षा चढा यायला हवा. तो चढला नसेल तर एवढी उठाठेव वाया गेली, मग परत चार पेले मांडायचे.

उरलेला आयसो नाल्यात ओतायचा नाही. जुन्या पॉलिओलमध्ये मिसळून उघड्या डब्यात घट्ट होऊ द्या. पेलेही तसेच रात्रभर बाहेर, पण कुत्री-मांजरं फिरतात तिथं नकोत.